लाव्याच्या उंचीवरून रान पाहा : इंदूरभोवतीचा लाव्यांचा चारा आणि आडोसा कसा ओळखायचा

इंदूरमध्ये पक्षी बघणाऱ्यांची गर्दी सिरपूरला आणि यशवंत सागरला. तिथे पाणपक्षी दिसतात, फोटोही मिळतो. लाव्यासाठी मुद्दाम कोणी घराबाहेर पडत नाही, कारण तो दिसतच नाही. पायाखालून भुर्रकन उडतो, मेडेपलीकडे (मेड म्हणजे शेताचा बांध) उतरतो आणि दिसेनासा होतो. पण लावा दिसला नाही तरी त्याचं रान ओळखता येतं. त्यासाठी पक्ष्यांपेक्षा गवत-तणाची ओळख जास्त लागते, आणि ती सिरपूरच्या काठापेक्षा हातोद, देपालपूर, सांवेर, कंपेल या बाजूंच्या शेतांच्या कडेला आणि महू-चोरलच्या उतारांवर चांगली होते.

मुळात लावा हा चालणारा पक्षी. स्थलांतर करणारा लावा रात्रीत मोठा पल्ला मारतो हे खरं, पण एकदा उतरला की खाणं, लपणं, अंडी घालणं सगळं जमिनीवर. उंची वीतभरसुद्धा नाही. त्या उंचीवर त्याला तीन गोष्टी लागतात: डोक्यावर छप्पर, पायाखाली चालता येईल अशी मोकळी माती, आणि त्या मातीवर पडलेलं बी किंवा किडे. आपण उभ्याने पाहतो आणि हिरवंगार दिसलं की खूश होतो. गच्च दाटलेली हरळी उभ्याने सुंदर दिसते, पण लाव्याच्या पिल्लाला ती भिंत आहे. उलट टाकळ्याचं ओसाड वाटणारं रान खालून पाहिलं तर पोकळ मांडव असतो. म्हणून वनस्पतीचं नाव शोधण्याआधी खाली बसायची सवय लावा.

कोणता लावा, कोणतं रान

माळव्यात पाच प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

पावसाळ्यात शेताकडेने दोन-दोन सुरांची टिपटिप शीळ सकाळ-संध्याकाळ ऐकू येते, तो पावसाळी लावा. नराच्या छातीवर काळा डाग असतो. पाऊस सुरू झाला की याची वीण जोरात असते, म्हणजे सोयाबीन आणि गवत वाढतं त्याच काळात. हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्यात उतरतो तो पाहुणा घागस लावा. त्याची साद तीन तुकड्यांची. तिसरा रान लावा. रालामंडळ, सिमरोल, चोरल भागातल्या झुडपी उतारांवर तो बारा महिने राहतो, बहुधा टोळीने. चौथा त्याचाच भाऊबंद, जास्त कोरड्या, दगडगोट्यांच्या काटेरी माळावरचा. पाचवा खरं तर लाव्यांच्या कुळातलाच नाही, पण वावर तसाच. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं, मादी नरापेक्षा मोठी आणि ठसठशीत रंगाची असते, आणि अंडी उबवायचं काम नराकडे.

पहिल्या दोघांना गवत आणि पीक लागतं, मधल्या दोघांना झुडूप, पाचवा दोन्हीकडे. ही वाटणी डोक्यात असली की कोणत्या रानात काय शोधायचं ते आपोआप ठरतं.

सोबत काय घ्याल

पांढरा हातरुमाल, दहापट दाखवणारं भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि वही-पेन्सिल. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण गाजर गवत अंगाला लागलं की खाज सुटते. पायात घोट्यावर येणारे बूट आणि हातात काठी. माळव्याच्या गवतात घोणस असते. ज्या जाळीत डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, आधी काठीने हलवून पाहायचं. कुत्रा घरीच ठेवा.

कड शोधा, मग खाली बसा

शेताच्या मधोमध जाऊ नका. कड शोधा: शेत आणि मेड, मेड आणि नाला, बीड (म्हणजे राखलेलं कुरण) आणि झुडूप जिथे भेटतात ती रेषा. लाव्याला दाणे आणि आडोसा पायी गाठता येतील इतके जवळ लागतात. चांगलं गवत एका टोकाला आणि बोरीची जाळी अर्धा किलोमीटर दूर असेल, तर दोन्ही असून नसल्यासारखे. मी अंदाज पावलांनी घेतो. दाण्याच्या जागेपासून शे-दीडशे पावलांत आडोसा सापडला तर जागा कामाची.

मग बसा, अगदी मांडी घालून. डोळे जमिनीपासून हातभर उंचीवर आणा आणि गवताच्या बुडांमधून आरपार पाहा. काठीने हलवून खात्री केल्यावर तळहात उभा धरून बुडांमधून पुढे सरकवा. हात सहज सरकतो, खाली माती दिसते आणि वर पाती एकमेकांना भिडलेली आहेत, असं असेल तर पिल्लंसुद्धा तिथून चालू शकतात. हात अडकला, खाली कुजलेल्या गवताची गादी लागली, तर मोठा पक्षी कडेला लपेल, पिल्लं नाहीत.

त्यानंतर रुमाल. पिकलेल्या कणसाखाली तो पसरा आणि कणीस दोन बोटांत हलकं चोळा. जे खाली पडेल ते भिंगातून पाहा. मोहरीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचं, गुळगुळीत, टोकदार कूस म्हणजे कुसळ नसलेलं बी लाव्याच्या चोचीजोगं. नुसता भुसा पडला तर गवत कितीही देखणं असो, खाद्याच्या यादीत ते खाली ठेवा. वनस्पतीचं नाव कळलं नाही तरी हा रुमाल तुम्हाला अर्धं उत्तर देतो.

गवतं : इथे वेळ द्या

गवत ओळखायचं म्हणजे तीन ठिकाणी पाहायचं: पातं खोडाला जिथे चिकटतं तो सांधा, खोडाची पेरं, आणि कणीस. फूल शोधत बसलात तर फसाल.

पहिला मान सावा गवताचा, आपल्या सोयाबीनमधलं नेहमीचं तण. सांध्यापाशी पातं मागे वाकवा. बहुतेक गवतांत तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते. सावा गवतात काहीच नसतं, सांधा साफ. पात्यांवर कधीकधी जांभळट आडवे पट्टे असतात. कणसाच्या दांडीला आखूड तुरे एकाआड एक चिकटलेले, त्यांत दाणे ओळीने बसलेले आणि कुसाशिवाय. भाद्रपदाच्या सुमारास दाणा पिकतो आणि पिकताच गळतो. म्हणूनच शेतकऱ्याला ते नको असतं, आणि लाव्याला हवं असतं.

बोटांसारखी कणसं असलेली गवतं पुष्कळ, आणि नवख्याची गफलत इथेच होते. तिघांचा फरक पाहा. मकडा गवताची बोटं जाड, आखूड, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला दाण्यांशिवायचा उघडा काटा पुढे आलेला. रान नाचणीला तो काटा नाही. तिचं बूड चपटं, पांढुरकं आणि उपटायला महाकठीण, आणि बऱ्याचदा एक बोट बाकीच्यांपेक्षा खाली फुटलेलं. हरळीची बोटं सुतासारखी बारीक, खाली जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या. पहिल्या दोन्हींचं बी रुमालावर भरपूर पडतं. हरळी गणपतीला वाहायची, लाव्याच्या हिशेबात तिला फार जागा नाही.

कोल्हाशेपूट गवत लहान मुलंही ओळखतात: केसाळ, गोल, शेपटासारखं कणीस. त्यातला एक प्रकार कपड्याला धरून बसतो, कारण त्याचे केस उलट्या आकड्यांचे. दुसऱ्याचे केस पिवळसर तांबूस, आणि दाणे गळून गेले तरी दांडीवर तसेच राहतात. म्हणजे दुरून कणीस भरलेलं वाटतं आणि आत काही नसतं. रुमाल इथे विशेष उपयोगी. याचा दाणा राळ्याचा जवळचा नातलग आहे, त्यामुळे तो पाखरांना आवडतो यात नवल नाही.

आता आडोशाची गवतं. ही बहुधा बीडात भेटतात. माळव्याच्या बीडांचं मोल खरमोर, म्हणजे तणमोर, या पक्ष्यामुळे सरकारदरबारी पोचलं. रतलामकडे सैलाना आणि धारकडे सरदारपूर ही त्या पक्ष्याची अभयारण्यं 1983 मध्ये झाली. खरमोराला जे गवत लागतं, त्याच्याच बुडाशी लावाही सुखाने राहतो, फक्त लाव्यासाठी कोणी पाटी लावत नाही.

मारवेल ओळखायला पेरं पाहा: प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. ठोंब करून वाढतं, दोन ठोंबांत माती उघडी राहते, म्हणजे लाव्याला हवी तीच मांडणी. पवन्याला दांडीच्या टोकाला एकच कणीस, वाळल्यावर सोनेरी, आणि दाण्याच्या सालीवर ठळक शिरा. कुसळीची ओळख तुमचे मोजेच सांगतील. तिची काळपट लांब कुसं टोकाशी एकमेकांत पीळ घालून गुंततात. कुसळीचं बी खाद्यात धरू नका. मात्र गेल्या वर्षीचा वाळका, गुडघ्याला येणारा कुसळीचा ठोंब घरट्याला चांगला. मादी त्याच्या बुडाशी माती उकरून खळगा करते, वर पाती वाकलेली असतात. सगळं बीड दर वर्षी मुळापासून कापलं तर पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला हे जुने ठोंबच उरत नाहीत. गवत उगवेपर्यंत पक्ष्याने वाट पाहायची का? कोपऱ्यातला एखादा पट्टा न कापता सोडला तरी फरक पडतो.

रुंद पानांची तणं

पावसाळ्यात केना सगळीकडे. तीन पाकळ्यांचं निळं फूल, त्यातली तिसरी पाकळी लहान, आणि पानाच्या म्यानावर तांबूस केस. याची खुबी जमिनीखाली आहे: केना मातीच्या आतही न उमलणारी फुलं धरतो आणि तिथेच बी पिकवतो. खुरपणीत वरचा भाग गेला तरी बी उरतं. एक झाड मुळासकट उपटून पाहा, पांढुरक्या फांद्यांवर लहान बोंडं दिसतील.

माठाची मंडळी म्हणजे तांदुळजा, काटेमाठ आणि त्यांच्या संगतीत कुरडू. तिघांचं बी काळं, चकचकीत. काटेमाठाच्या पानाच्या बगलेत काटे. कुरडूचा तुरा आधी गुलाबी, मग चंदेरी पांढरा. बी कोणाचं ते भिंगाने ठरवा: माठाच्या एका बोंडात एकच बी, कुरडूच्या बोंडाचं झाकण उघडलं की आत बरीच. कुंजरूचा बारीक गुलाबी तुराही याच घराण्यातला.

शेंगवाल्यांत मुगवण आणि शेवरा शोधा. मुगवण जमिनीवर पसरते, तिच्या पानाचे तीन तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा खाचा, फूल पिवळं, शेंग बारीक. शेंग वाळली की पिळवटून फुटते आणि दाणे दूर उडतात. शेवऱ्याची शेंग मण्यांच्या माळेसारखी पेरापेरांत तुटते आणि प्रत्येक पेरात एक दाणा. हे दोन्ही गुरांनाही आवडतात, त्यामुळे फार चरलेल्या माळावर सापडणार नाहीत. सापडले तर समजा, जागेवर अजून ओझं कमी आहे.

टाकळा, ज्याला इकडे पुवाड म्हणतात, त्याची पानं तीन जोड्यांची, फूल पिवळं, शेंग विळ्यासारखी वाकडी. बी टणक. त्याला मी चाऱ्यात धरत नाही, छपरात धरतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत वर दाट पानं आणि खाली नुसती खोडं, त्यामुळे वरून झडप घालणाऱ्या शिकरा पक्ष्याची नजर अडते आणि लाव्याची वाट मोकळी राहते. पान झडलं की त्याचं काम संपलं. डिसेंबरात पुवाडाच्या काड्या पाहून «आडोसा आहे» अशी नोंद करू नका.

रब्बीत यादी बदलते. गव्हात चाकवत, म्हणजे आपला बथुआ: पानाखाली पिठूळ भुकटी, बी बारीक काळं. सेंजीला तीन पानं आणि पिवळ्या फुलांचे लहान तुरे. अकरीला पुढे तणावे आणि जांभळी फुलं. तिच्याच शेजारी चटरी-मटरी असते, फूल पिवळं, आणि पान म्हणून जे दिसतं ती खरं तर दोन रुंद उपपर्णं. चांदवेलीचं पान बाणाच्या टोकासारखं. गुल्लीडंडा गव्हात इतका मिसळतो की ओंबी येईपर्यंत कळत नाही. लहानपणी ओळखायचा असेल तर बुंध्याशी लालसर छटा शोधा, गव्हाला ती नसते. ओंबी आली की आखूड, गच्च, लंबगोल. बाजूला पिवळा धोत्रा दिसेल, पांढऱ्या शिरांची काटेरी पानं आणि पिवळा चीक. तो विषारी आहे. त्याचं बी रुमालावर गोळा करायच्या फंदात पडू नका.

गाजर गवताबद्दल थोडक्यात: ते दाट माजलं तिथे वरची गवतं हळूहळू दिसेनाशी होतात. नकाशावर त्या जागेवर फुली मारा आणि पुढे चला.

एक गोष्ट वनस्पतींच्या यादीत बसत नाही, तरी सांगतो. पिल्लांना सुरुवातीचे आठवडे बी नको, किडे हवेत. म्हणून जुलै-ऑगस्टात पानं उलटून पाहा. मावा, नाकतोडे, मुंग्या, वाळवी आहे का? तणनाशकाची फवारणी झालेल्या मेडेवर पुढे बी पडेलही कदाचित, पण पिल्लांच्या दिवसांत ती मेड उपाशीच ठेवते.

झुडपं : काट्याचा आकार पाहा

रानबोर, म्हणजे झडबेरी, सगळ्यात भरवशाची. दर पानापाशी दोन काटे, एक सरळ आणि एक आकडेदार. पानाची खालची बाजू पांढरट, लोकरीसारखी. फांद्या जमिनीपर्यंत झुकतात आणि आत पोकळी राहते. कोल्हा किंवा मांजर आत शिरायला कचरतं, लावा सहज शिरतो. करवंदीचे काटे जोडीने आणि सरळ, फांदी मोडली की पांढरा चीक. जानापावकडच्या उतारांवर, चोरलच्या घाटात या जाळ्या पाहा. हेकळाची काटेरी झुडपं कोरड्या बाजूला. मेडेवरचा थोर आणि पळसाची पुन्हा फुटलेली खुरटी रोपंही कामाला येतात, पण पळसाखाली गवत आहे का ते आधी बघा.

घाणेरीचं काय करायचं, यावर आमच्यात वाद होतात. चौकोनी खोड, खरखरीत पान, रंगीत फुलांचे झुबके. रान लावा तिच्या बुडाशी रात्र काढतो हे खरं आहे. पण ती पसरली की खालचं गवत संपतं, आणि दाण्याशिवाय नुसती झोपायची जागा काय कामाची? सुटी जाळी असेल तर आडोसा म्हणून मोजा, सलग रान असेल तर नुकसान म्हणून.

जाळीपाशी पोचलात की कडेने मातीत पाहा. धुळीत वाटीएवढे खळगे दिसले तर तिथे पक्षी धूळस्नान करतात. रान लाव्यांची टोळी रात्री तोंडं बाहेर करून गोलाकार बसते, त्यामुळे सकाळी एका ठिकाणी रिंगणात पडलेल्या पांढऱ्या टोकाच्या विष्ठा सापडू शकतात. सापडल्या तर वरचं झुडूप कोणतं, खाली गवत कोणतं, आणि सर्वांत जवळचं दाण्याचं तण किती पावलांवर, एवढं लिहून घ्या आणि निघा. संध्याकाळी ते तिथेच परतणार आहेत.

नोंद कशी ठेवायची

एकच कड निवडा, दोनशे पावलांची. ती महिन्यातून एकदा चाला. दर वीस पावलांवर थांबून चार गोष्टी लिहा: कोणती वनस्पती जास्त, बी हिरवं की पिकलं की गळलेलं, तळहात सरकला का, आणि जवळचं काटेरी झुडूप किती दूर. अनोळखी वनस्पतीची फुला-फळांसकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबा. गवत असेल तर मुळासकट, कारण बूड आणि सांधा नसेल तर जाणकारालाही सांगता येत नाही. कागद पहिले काही दिवस रोज बदला, माळव्याच्या पावसाळ्यात बुरशी लगेच धरते. अभयारण्याच्या हद्दीत मात्र काही तोडू नका, तिथे फोटो पुरे.

जुलै ते सप्टेंबर गवताच्या आत शिरू नका, मेडेवरूनच पाहा. घरटं दिसलं तर जवळची झुडपं हलवू नका, फोटोसाठी पाती बाजूला सारू नका. शीळ वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचा मोह टाळा. रानातले लावे पकडणं, मारणं, त्यांची अंडी उचलणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पाळीव म्हणून मिळतो तो जपानी लावा. तो आणून रानात सोडणं म्हणजे पक्ष्यांची संख्या वाढवणं नव्हे, तेही करू नका.

वर्षातला सर्वांत महत्त्वाचा फेरा मार्च-एप्रिलमध्ये करा, जेव्हा जायला सर्वांत कंटाळा येतो. गहू निघालेला असतो, पुवाड झडलेला, केना वाळून गेलेला. तेव्हा जमिनीवर सांडलेले गव्हाचे दाणे, चाकवताचं गळलेलं बी, कुसळीचे वाळके ठोंब आणि बोरीच्या जाळ्या एवढंच उरतं. याच दिवसांत नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले खुंट, पेटवतात, आणि आग शेतापुरती थांबत नाही, मेडही जाते. ओळखीच्या शेतकऱ्याशी आधीच बोला: नरवाई जाळू नका, ते जमत नसेल तर निदान मेडेलगत दहा पावलांचा पट्टा नांगरून घ्या, म्हणजे आग गवताला लागणार नाही. आणि मेडेवरची बोर तोडायचीच असेल तर सगळी एका वर्षी नको, एक जाळी सोडून एक.